सांगली–सातारा डॉप्लर नोंदी : आयनांबराच्या हालचाली टिपणारी दोन रेडिओ ग्राहक (रिसीव्हर) केंद्रे उभारताना

१४ जुलै २०२४

या कामाची सुरुवात का झाली, ते आधी थोडक्यात लिहिते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे १.९८ मेगाहर्ट्झचे रडार आहे आणि त्यावरून जमिनीपासून ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा अभ्यास होतो. विद्यार्थिदशेत मी ते पाहिले होते. त्यानंतर 'सुपरडार्न' या आंतरराष्ट्रीय रडारजाळ्याविषयी वाचले. कॅनडातील गूज बे येथे १९८३ मध्ये बसवलेल्या रडारपासून त्याची वाढ झाली आणि आज दोन्ही गोलार्धांत मिळून तीसहून अधिक रडारे ८ ते २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आयनांबराकडे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाकडे पाहत असतात. एकेकट्या रडारला जे दिसत नाही ते अनेक रडारे मिळून दाखवतात, ही त्यातली गोष्ट माझ्या मनात राहिली. ती कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांना स्वतःच्या हातांनी करून पाहता यावी, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

लहरी प्रक्षेपित करायच्या तर परवाना लागतो. म्हणून आम्ही फक्त ऐकणार आहोत. चीनच्या शान्शी प्रांतातील पुचेंग येथून बीपीएम हे वेळसंकेत केंद्र १० मेगाहर्ट्झवर अत्यंत स्थिर लहर सोडते. सांगलीपासून ते सुमारे ४,००० किलोमीटरवर आहे. ही लहर वाटेत आयनांबरावरून परावर्तित होऊन येते. परावर्तनाचा थर खाली-वर सरकला की वाटेची लांबी बदलते आणि आपल्याकडे पोचणारी वारंवारता किंचित वाढते किंवा घटते. हाच डॉप्लर परिणाम. १० मेगाहर्ट्झवर १ हर्ट्झचा फरक म्हणजे वाटेच्या लांबीत सेकंदाला ३० मीटर बदल. प्रक्षेपक एका देशात आणि ग्राहक दुसऱ्या देशात, असे हे रडारच आहे.

हाताशी असलेले साहित्य : आरटीएल-एसडीआर व्हर्जन ३ हा ग्राहक (४,५०० रुपये), रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (४,८०० रुपये) आणि शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेतून मिळालेली पन्नास मीटर केबल.

२१ जुलै

पहिलीच खरेदी चुकली. आमच्या ग्राहकातील, त्याची वारंवारता ठरवणारा स्फटिक दशलक्षात एक भाग इतका अचूक आहे, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर १० हर्ट्झची चूक संभवते. आम्हाला हवा आहे हर्ट्झच्या दहाव्या भागाचा फरक. त्यासाठी उपग्रहांच्या घड्याळाशी बांधलेली संदर्भ लहर आवश्यक आहे आणि ती स्वस्त जीपीएस मॉड्यूलच्या 'टाइमपल्स' पिनेवरून मिळते, एवढे वाचून मी ३८० रुपयांना निओ-६एम आणले. त्या पिनेवरून जास्तीत जास्त १ किलोहर्ट्झ निघते, हे माहितीपत्रक नीट वाचल्यावर समजले. निओ-७एम मागवले आहे. त्यावरून १० मेगाहर्ट्झपर्यंतची लहर काढता येते. ते येईपर्यंत आठवडा वाया.

४ ऑगस्ट

पावसामुळे गच्चीवरचे काम दोनदा अर्धवट सोडावे लागले. कृष्णेचे पाणी वाढल्याने अकरावीतील दोन विद्यार्थी मामांच्या घरी गेले होते, ते या आठवड्यात परतले. आज उघडीप मिळताच विश्रामबागेतील आमच्या गच्चीवर अँटेना चढवला.

अँटेना म्हणजे मधोमध केबल जोडलेली १४.३ मीटर लांबीची तांब्याची तार. मध्यभाग साडेसहा मीटर उंचीच्या जीआय पाइपावर आणि दोन्ही टोके उतरती. पुचेंगची दिशा येथून उत्तरेकडून पूर्वेला सुमारे ५३ अंश आहे, म्हणून तार वायव्य-आग्नेय अशी ताणली, म्हणजे तिची बाजू ईशान्येकडे राहते. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वजनावर घेतली. रेडिओच्या सामानाच्या दुकानापेक्षा ती निम्म्या पैशांत मिळाली आणि तिच्यावरचे इनॅमल पावसात उपयोगीच पडते. मात्र टोकाचे इनॅमल खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही. घाईत दिलेला पहिला डाग वरून चांगला दिसत होता. आत जोड नव्हताच. तो शोधण्यात पूर्ण संध्याकाळ गेली.

११ ऑगस्ट

ग्राहकावर १० मेगाहर्ट्झच्या जागी अनेक केंद्रांचा एकत्र गलका ऐकू येत होता. कारणे दोन निघाली. जवळच्या एका मध्यम लहरी केंद्राच्या जोरदार प्रक्षेपणाने ग्राहकातील लहरीचे आकडे करणारा आठ बिटांचा रूपांतरक भरून जात होता. शिवाय थेट नमुने घेण्याच्या पद्धतीत हा ग्राहक सेकंदाला २८.८ दशलक्ष नमुने, म्हणजे लहरीची मोजमापे, घेतो, त्यामुळे १८.८ (२८.८ उणे १०) मेगाहर्ट्झवरचे सगळे १० मेगाहर्ट्झवर येऊन पडते. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे फक्त १० मेगाहर्ट्झच्या आसपासचे आत सोडणारा गाळक. टी५०-६ कड्यांवर वेटोळी गुंडाळून तो तयार केला. पहिल्या गाळकाचे केंद्र ११.४ मेगाहर्ट्झवर आले, कारण वेटोळी मोजताना कड्याच्या आतून जाणारा पहिला फेरा मी धरला नव्हता. वेटोळी कड्याच्या आतून मोजायची, हे येथे मुद्दाम नोंदवते.

गाळक बसवल्यावर रात्री साडेनऊला सेकंदाचे ठोके स्पष्ट ऐकू आले. ५९ व्या मिनिटाला मोर्समध्ये केंद्राची ओळख आणि पाठोपाठ चिनी भाषेतील स्त्रीचा आवाज आला, तेव्हा गच्चीवर जमलेली मुले एकदम शांत झाली. चार हजार किलोमीटरवरून ही लहर आकाशाला टेकून आपल्या घरी आली आहे, हे फळ्यावर सांगणे आणि त्यांनी ते कानांनी ऐकणे यांत फार अंतर आहे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून आल्यावर साठवणुकीचे गणित केले, जे आधीच करायला हवे होते. सगळे नमुने जसेच्या तसे साठवले तर सेकंदाला ४.८ मेगाबाइट होतात. ६४ गिगाबाइटचे कार्ड पावणेचार तासांत भरले आणि संगणक अडकला. आता १० मेगाहर्ट्झभोवतीचा अवघा काही हर्ट्झचा पट्टा वेगळा करून सेकंदाला दहाच नमुने ठेवतो. दिवसाला सुमारे ७ मेगाबाइट होतात.

२४ ऑगस्ट

आजची नोंद जरा विस्ताराने लिहिते, कारण ही चूक कोणाकडूनही होऊ शकते.

निओ-७एम आल्यावर त्याची लहर १० मेगाहर्ट्झवर ठेवली आणि तिची तार केबलजवळ आणून सोडली. आमच्या लहरीशेजारी संदर्भाची लहर दिसेल आणि दोन्हींतला फरक मोजता येईल, असा विचार होता. १८ ऑगस्टपासून पाच दिवस आलेख इतका सरळ आला की मी तो वर्गात नेऊन दाखवला. पाचव्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले की पहाटे आणि मध्यरात्री लहरीची ताकद सारखीच कशी असेल. प्रश्न रास्त होता. घरी आल्यावर अँटेनाची केबल काढून पाहिली. रेषा तशीच राहिली. पाच दिवस आम्ही आमच्याच टेबलावरचे जीपीएस मॉड्यूल मोजत होतो आणि त्याच्या जोरापुढे पुचेंगची लहर झाकली गेली होती.

संदर्भ लहर मोजायच्या लहरीवर कधीही ठेवू नये. ती बाजूला, पण ग्राहकाला एका वेळी दिसणाऱ्या पट्ट्यातच हवी. दोन्ही लहरी एकाच स्फटिकावरून मोजल्या जात असल्याने संदर्भात दिसणारी चूक प्रमाणाने वाढवून मूळ मोजमापातून वजा करता येते. दुसरे म्हणजे या मॉड्यूलचे आतले घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचे आहे. त्याला पूर्ण भाग जाणारी वारंवारता मागितली तर लहर स्वच्छ येते. १० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून त्या पाच दिवसांच्या रेषेच्या दोन्ही अंगांना बारीक उपरेषा होत्या. त्या मी पाहिल्या होत्या आणि दुर्लक्षिल्या होत्या.

१ सप्टेंबर

प्रथम ९.६ मेगाहर्ट्झ ठेवून पाहिले, कारण ४८ ला ५ ने भागल्यास ते येते आणि ते १० च्या जवळ आहे. दिवसा ठीक चालले. संध्याकाळी त्या पट्ट्यात लघुलहरी प्रसारण केंद्रे सुरू होतात आणि त्यांपैकी एकाची वाहक लहर आमच्या संदर्भाला खेटून बसली. आलेख दर काही सेकंदांनी हेलकावे खाऊ लागला. आता ८ मेगाहर्ट्झ ठेवले आहे. ग्राहकाचा पट्टा २.४ मेगाहर्ट्झचा आहे; त्याचे केंद्र ९ वर ठेवले की ८ आणि १० दोन्ही कडेला नीट मावतात. गाळक ८ अडवतो, म्हणून संदर्भ गाळकाच्या पुढे, ग्राहकाच्या तोंडाशी सोडला आहे. ८ वर दिसणारी चूक १.२५ ने गुणून वजा करायची. गच्चीखालच्या खोलीतील उन्हाने स्फटिक दुपारी दोन-अडीच हर्ट्झ सरकत होता, ते सरकणे आता आलेखातून पूर्ण नाहीसे झाले.

१५ सप्टेंबर

पहिला खरा सूर्योदय मिळाला.

दोन टप्प्यांची, म्हणजे आयनांबरावरून दोनदा परावर्तित होणारी, वाट धरली तर पहिले परावर्तन पश्चिम सिच्वानच्या वर, जमिनीवरचा टप्पा भूतानच्या आसपास आणि दुसरे परावर्तन छत्तीसगडात बिलासपूरच्या वर येते. पहाटे आयनांबर उजळू लागले की परावर्तनाची जागा खाली येते, वाट आखूड होते आणि वारंवारता वाढते. आलेखात दोन उंचवटे आले, एक साडेचारच्या सुमारास आणि दुसरा पावणेसहाला. दोन परावर्तन बिंदूंच्या रेखांशांत साडेसतरा अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याला तेवढे सरकायला सत्तर मिनिटे लागतात. मोजलेले अंतर पंचाहत्तर मिनिटे. हे कागदावर आधी मांडून ठेवले असल्याने मुलांना पडताळा घेता आला. मला स्वतःला या कामावर विश्वास बसला तो आज.

२९ सप्टेंबर

नऊ दिवस चुकीच्या ठिकाणी शोध घेण्यात गेले.

२० तारखेपासून रात्री आठनंतर आलेखातील रेघ फुटून तिचा दोन-तीन हर्ट्झ रुंदीचा ढग होऊ लागला आणि मध्यरात्रीनंतर ती पुन्हा सांधली जाऊ लागली. मी धरून चालले की दवाने केबलच्या जोडात पाणी शिरत असावे. जोड बदलले, केबल बदलली (९५० रुपये), संगणकाचा अडॅप्टर बदलला, सगळ्या तारांवर गोंगाट अडवणारे फेराइटचे मणी चढवले. ढग कायम.

काल रात्री ८ मेगाहर्ट्झची संदर्भरेषा त्याच वेळेची काढून पाहिली. ती सुईसारखी बारीक होती. एकाच ग्राहकातून, एकाच क्षणी, एक रेषा बारीक आणि दुसरी फुटलेली असेल, तर बिघाड ग्राहकात असू शकत नाही. जे फुटले होते ते आकाशात फुटले होते. चुंबकीय विषुववृत्ताजवळ सूर्यास्तानंतर आयनांबराच्या तळाकडून विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे वर चढतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण पसरतात. विषुवदिनांच्या काळात, सूर्याची सक्रियता जास्त असताना, भारतीय रेखांशांवर ते विशेष दिसतात. बिलासपूरचा पट्टा त्यांच्या आवाक्यात येतो. याला 'स्प्रेड-एफ' म्हणतात, हे मला पुस्तकातून माहीत होते आणि तरीही माझ्या आलेखात मी ते ओळखले नाही.

यापुढे कोणताही विचित्र आकार दिसला की प्रथम संदर्भरेषा पाहायची, मगच पान्हा हातात घ्यायचा. हा नियम संगणकाशेजारी लिहून चिकटवला आहे.

९ ऑक्टोबर

आज सकाळी ७ वाजून २६ मिनिटांना एक्स१.८ वर्गाची सौरज्वाला शिखरावर पोचली (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग). तेव्हा पुचेंगपासून सांगलीपर्यंतच्या सबंध वाटेवर सूर्य उगवलेला होता. आमच्या आलेखात त्याच्या थोडे आधीपासून रेघ झपाट्याने वर गेली, सव्वा हर्ट्झपर्यंत पोचली आणि काही मिनिटांत खाली आली. पाठोपाठ लहरीची ताकद जवळजवळ नाहीशी झाली, कारण खालच्या थरात आयनीभवन वाढून तेथे लहर शोषली जाते. ३ तारखेची एक्स९ ही फार मोठी ज्वाला संध्याकाळी पावणेसहाला झाली होती. चीनकडची निम्मी वाट तेव्हा अंधारात होती आणि आमच्याकडे जेमतेम खूण उमटली. ज्वालेच्या आकड्याइतकीच तिची वेळही महत्त्वाची, हे या दोन आलेखांवरून मुलांना न सांगता कळले.

११ ऑक्टोबर

या नोंदीचे मला वाईट वाटते. त्या ज्वालेबरोबर निघालेला सौरद्रव्याचा लोट काल रात्री पावणेनऊच्या सुमारास पृथ्वीवर आदळला आणि तीव्र भूचुंबकीय वादळ झाले. लडाखमध्ये हानले येथे ध्रुवीय प्रकाश दिसला. आमच्याकडे परतीच्या पावसात रात्री ९ वाजून १० मिनिटांनी वीज गेली ती पहाटे पावणेतीनला आली. बॅटरी नव्हती.

वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू झाला, परंतु जीपीएस मॉड्यूलने आपली मांडणी (सेटिंग) विसरून ८ मेगाहर्ट्झऐवजी सेकंदाला एक ठोका देणे सुरू केले. स्वस्त मॉड्यूलमध्ये मांडणी कायम राहत नाही. संदर्भ नसल्याने आज्ञावली गोंगाटातलेच कोणते तरी टोक पकडून दुरुस्ती करत राहिली आणि सकाळचेही तास वाया गेले. वादळाचा संपूर्ण मुख्य काळ हातून गेला.

२० ऑक्टोबर

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी (९५० रुपये), चार्जर आणि ५ व्होल्ट देणारे रूपांतरक बसवले. आठ तास चालते. संगणक सुरू होताच मॉड्यूलला मांडणी नव्याने पाठवणारी आज्ञा लिहिली. संदर्भाची ताकद ठरावीक पातळीखाली गेली तर दुरुस्ती थांबवून त्या ओळीवर खूण करण्याची सोयही केली. स्वस्त रूपांतरकाने मात्र १० मेगाहर्ट्झवरच खरखर आणली. त्याला पत्र्याच्या डब्यात घालून डबा भूतारेला जोडल्यावर ती थांबली.

२७ ऑक्टोबर

तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेतील शेडमध्ये केंद्र हलवावे, असा विचार होता, कारण शहरातील दिव्यांचा आणि इन्व्हर्टरचा गोंगाट तेथे नसेल. दोन दिवस प्रयत्न केला. शेतीची थ्री फेज वीज आली की पंपांच्या स्टार्टरांमुळे आणि जीर्ण जोडांवरील ठिणग्यांमुळे आलेख पूर्ण झाकला जातो आणि ती वीज दर आठवड्याला वेगळ्या वेळेस येते. मांडवाच्या लोखंडी तारांचे जाळेही अँटेनाखाली सर्वत्र पसरलेले आहे. सामान गोळा करून परत गच्चीवर आले.

५ नोव्हेंबर

दिवाळीला साताऱ्यात ताईकडे आले आणि दुसरे केंद्र उभे केले. शाहूपुरीतील त्यांच्या घराच्या गच्चीवर दाजींनी आधीच बांबू रोवून ठेवला होता. दोन टप्प्यांची लहर क्षितिजापासून सुमारे १२ अंशांवरून येते, म्हणून ईशान्येकडचा डोंगर आड येतो का, हे फोनमधील कोनमापकाने आधी पाहिले. डोंगर पाच अंशांतच संपतो. साताऱ्यातील गोंगाट सांगलीच्या मानाने पुष्कळच कमी निघाला.

दोन्ही केंद्रांवर तेच ग्राहक, तोच गाळक, तीच आज्ञावली आणि फायलींचे तेच स्वरूप ठेवले आहे. सुपरडार्नमध्ये ठरलेल्या वेळी सगळी रडारे एकाच पद्धतीने चालवतात, म्हणूनच त्यांची माहिती एका नकाशावर मांडता येते. दाजींनी विचारले, "तुमचं सांगलीतलं एक यंत्र चालतंय ना, मग दुसरं कशाला?" मी त्यांना कृष्णेच्या काठाचे उदाहरण दिले. एका घाटावर उभे राहून पाण्याची उंची कितीही काळजीपूर्वक मोजली, तरी लाट कोणत्या बाजूने आली ते कळत नाही. दुसऱ्या घाटावर कोणी तरी घड्याळ घेऊन उभे राहावे लागते.

१७ नोव्हेंबर

घड्याळच चुकले.

दोन्ही केंद्रांचे आलेख एकावर एक ठेवले तेव्हा साताऱ्यातील प्रत्येक चढउतार सांगलीच्या ४७ मिनिटे आधी दिसला. क्षणभर फार आनंद झाला. मग पहाटेचे उंचवटे पाहिले, तर तेही ४७ मिनिटे आधी. साताऱ्यात सूर्य सांगलीच्या आधी पाऊण तास उगवत नाही.

रास्पबेरी पाय ४ मध्ये स्वतःचे घड्याळ नसते. ९ नोव्हेंबरला तेथील वीज गेली आणि बॅटरीची जोडणी सैल असल्याने संगणक बंद पडला. वीज आल्यावर त्याने शेवटची साठवलेली वेळच पुढे चालवली. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली असती, पण राउटरमधील रिचार्ज संपलेला होता. ठोके ऐकून वेळ पुन्हा बसवावी, तर आम्ही सेकंदाला दहाच नमुने ठेवत असल्याने ठोके गाळले गेलेले. आठ दिवसांची माहिती टाकून दिली, कारण एक मिनिटाची अचूकता नसेल तर ती या कामाला निरुपयोगी आहे.

उपाय हाताशीच होता. जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला वेळही पाठवते. आता संगणक आपली वेळ त्यावरूनच घेतो आणि ती मिळेपर्यंत नोंद सुरूच करत नाही. दाजींनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे सगळे केले आणि बॅटरीची तार डाग देऊन पक्की केली.

२४ नोव्हेंबर

विधानसभा निवडणुकीच्या कामामुळे पाच दिवस काही झाले नाही. दोन्ही केंद्रे मात्र न थांबता चालू राहिली.

८ डिसेंबर

हिवाळ्यात दिवसा आयनांबरातून लाटा सरकत जातात आणि थर हळूहळू खाली-वर हलवतात. मध्यम आकाराच्या अशा लाटांचा वेग बहुधा सेकंदाला १०० ते २५० मीटर असतो. होक्काइदो येथील सुपरडार्न रडारवर जमिनीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींत त्यांच्या तिरप्या पट्ट्या दिसतात. आमच्या आलेखात ५ डिसेंबरला सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंत पस्तीस मिनिटांच्या अंतराने ०.३ हर्ट्झचे हेलकावे आले, सांगलीतही आणि साताऱ्यातही.

दोन्हींतले काळाचे अंतर काढताना प्रथम उत्तर शून्य आले. संगणकाने दिवसभराचा संथ चढउतार जुळवला होता, कारण तो लाटेपेक्षा मोठा आहे. नव्वद मिनिटांची सरासरी वजा करून पुन्हा काढले तेव्हा सातारा सांगलीच्या सात मिनिटे आधी आला.

आता वेग. दोन केंद्रांत ११० किलोमीटर अंतर आहे. बिलासपूरकडचे परावर्तन बिंदू पुचेंगपासून वाटेच्या तीन चतुर्थांशावर असल्याने त्यांच्यातले अंतरही तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे ८२ किलोमीटर उरते. सात मिनिटांत ८२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १९५ मीटर. हा लाटेचा खरा वेग असेलच असे नाही. लाट तिरपी आली असेल तर दोन केंद्रांच्या रेषेवर ती आहे त्यापेक्षा वेगवान भासते, म्हणून खरा वेग याच्याइतका किंवा याहून कमी. सिच्वानच्या वरील परावर्तनाचा वाटाही यात मिसळलेला आहे. आणि हेलकावे दर पस्तीस मिनिटांनी येत असल्याने सात मिनिटे आधीऐवजी अठ्ठावीस मिनिटे नंतर, असाही अर्थ त्याच हेलकाव्यांतून निघू शकतो. मात्र त्या अर्थाने वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या खाली येतो, म्हणून तो बाजूला ठेवला.

२२ डिसेंबर

या पंधरवड्यात मोजण्याजोगे सहा दिवस मिळाले. चार दिवस सातारा पाच ते नऊ मिनिटे पुढे होता. दोन दिवस दोन्ही केंद्रे एकाच वेळी हलली.

ते दोन दिवस मला सोडवता आलेले नाहीत आणि त्याचे कारण आमच्या मांडणीत आहे. सातारा सांगलीच्या वायव्येला आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी लाट आधी एका बिंदूवर, मग दुसऱ्यावर पोचते आणि अंतर मिळते. ईशान्येकडून नैऋत्येकडे जाणारी लाट मात्र दोन्ही बिंदूंवर एकदमच येते. अशा वेळी लाट फार वेगवान आहे की आडवी आहे, हे दोन केंद्रांवरून ठरवता येत नाही. सुपरडार्नचे एकटे रडारही प्लाझ्माचा वेग फक्त आपल्या दृष्टिरेषेवरच मोजते. म्हणून त्याच आकाशाकडे वेगळ्या दिशेने पाहणारे जोडीचे रडार लागते आणि मूळ नावातच 'डार्न' म्हणजे जोड रडारांचे जाळे आहे. हे मी पहिल्या नोंदीत मोठ्या उत्साहाने लिहिले होते. केंद्राची जागा निवडताना मात्र ताईचे घर सोयीचे म्हणून घेतले आणि नकाशावर कोन मांडला नाही. दुसरे केंद्र उभारणाऱ्याने आधी नकाशा उघडावा.

२९ डिसेंबर

खर्च : सांगली केंद्र १५,२०० रुपये, त्यातील सुमारे २,३०० रुपये चुकीच्या खरेदीचे. सातारा केंद्र १२,४०० रुपये. वेळ साडेपाच महिने. दोन्ही केंद्रांची वापरण्याजोगी एकत्रित माहिती आजपर्यंत अवघी छत्तीस दिवसांची.

तिसऱ्या केंद्रासाठी जत निश्चित केले आहे. ते सांगलीपासून पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर आहे, म्हणजे आकाशातील बिंदूंत ५० किलोमीटरहून थोडे अधिक अंतर मिळेल आणि तिन्ही बिंदूंचा त्रिकोण होईल. ज्या विद्यार्थिनीने ऑगस्टमध्ये सरळ रेषेवर शंका घेतली होती, तिच्या आजोबांचे घर तेथे आहे. शेतीच्या थ्री फेजचे वेळापत्रक मागवून घेतले आहे, ईशान्येचे क्षितिज मोकळे आहे आणि गाळकाची वेटोळी तिने स्वतः कड्याच्या आतून मोजून गुंडाळली आहेत. त्या गाळकाचे केंद्र १०.०२ मेगाहर्ट्झवर आले. संक्रांतीच्या सुट्टीत पाइप उभा करायचा आहे.